स्कॉलरशिप मार्चमध्ये, डबा जुलैपासून

सुदामानगर_काकू
विभाग: इंदूर आणि माळवा

आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सासूबाई गेल्यापासून त्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने देते. गेल्या जुलैत बुऱ्हाणपूरची एक मुलगी राहायला आली. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी फॉल-पिको करते. घरची भाषा मराठी. पहिल्याच दिवशी जिन्यातून "काकू, नर्मदेचं पाणी कोणत्या दिवशी येतं?" असं तिने विचारलं आणि ती मला तेव्हाच आपली वाटली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती.

सप्टेंबरात एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर तिच्या खोलीचं दार उघडं होतं. नुकताच टिफिन आलेला. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, डाळ, भात. तिने दोन पोळ्या आणि अर्धी भाजी ताटात घेतली. उरलेल्या दोन पोळ्या फडक्यात गुंडाळल्या, डाळ एका स्टीलच्या डब्यात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि तो डबा पाणी भरलेल्या परातीत ठेवला. रात्रीपर्यंत आंबू नये म्हणून. हात इतके सवयीने चालले होते की हे आजचं नाही, हे मला तिथेच कळलं. विचारल्यावर म्हणाली, "काकू, दोन वेळचा टिफिन २८०० ला आहे आणि एका वेळचा १५०० ला. मी एकाच वेळचा लावलाय."

या मुलीला मदत मंजूर नव्हती असं नाही. बारावीला उत्तम गुण होते, केंद्राची स्कॉलरशिप तिला लागली होती, वर्षाला १२,०००. फॉर्म ऑक्टोबरात भरला, कॉलेजची पडताळणी झाली, वरची पडताळणी झाली, आणि पैसे आले मार्चमध्ये. आता जरा हिशेब करा. दोन वेळच्या आणि एका वेळच्या डब्यात १३०० चा फरक. जुलै ते मार्च नऊ महिने, म्हणजे ११,७००. सरकारने तिच्या रात्रीच्या जेवणाचे पैसे जवळजवळ रुपयाला रुपया मंजूर केले होते. ते तिच्या हातात पडेपर्यंत नऊ महिन्यांच्या रात्री होऊन गेल्या होत्या.

मला हे कळल्यावर मी तिला खाली जेवायला बोलावू लागले. ती चार दिवस आली. पाचव्या दिवशी "मैत्रिणीकडे जेवले" म्हणाली. जेवली नव्हती.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी रामबागेतल्या घरी दोन विद्यार्थी वारांनी जेवायला येत. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. मनात येतं, सात घरांनी मिळून एका मुलीचे सात वार वाटून घेतले तर? १३०० भागिले सात, म्हणजे एका घराला महिन्याला २०० रुपयेसुद्धा नाहीत. कुणाला हे जमेल? आणि यात काही चुकत असेल तर तेही सांगा.

---

नर्मदातीर

गुरुवार माझा. बाकीचं नंतर बोलू.

---

खिडकी_क्रमांक_तीन

मी एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर बसतो. कोणत्या ते सांगत नाही, पण इंदुरातच. काकू, तुम्ही लिहिलंय ते मी दर वर्षी पाहतो. वार सुरू कराच, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी प्रत्येक मुलाच्या बाबतीत तपासून घ्या, कारण मार्चमध्ये येणारे पैसेही कित्येकांना मार्चमध्ये मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ आधारचा. मुलं सांगतात, "सर, खात्याला आधार लिंक आहे." लिंक असणं वेगळं आणि सीड असणं वेगळं. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं एवढ्यावर सरकारी पैसे त्या खात्यात येत नाहीत. सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते, त्या नोंदीत जोडलं जाणं म्हणजे सीड होणं. तिथे एका आधारापुढे एकच बँक असते, आणि जी सगळ्यात शेवटी जोडली तीच धरली जाते. मागे एका मुलाचे पैसे पोर्टलवर "भुगतान सफल" दाखवत होते आणि पासबुकात शून्य. तीन वेळा बँकेत जाऊन आला. शेवटी निघालं काय, तर दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेतला होता, त्यात मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. पैसे तिथे पडून होते आणि मुलाला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" पाहिलं की दोन मिनिटांत कळतं कोणती बँक आहे. हे जूनमध्येच पाहावं, पैसे अडकल्यावर नाही.

दुसरं, मुलं एकच योजना ऐकून येतात आणि तीच भरतात. केंद्राची ती, आता पीएम-यूएसपी म्हणतात, ती बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्यांना आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणाऱ्यांना आहे. ती घेतली की दुसरी स्कॉलरशिप घेता येत नाही, त्यामुळे आधी तुलना करायला हवी. एम.पी. बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील तर २०१७ पासूनची मेधावी विद्यार्थी योजना आहे, ती फी भरते. पण ती फीच भरते, खोली आणि जेवण नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आवास सहायता आहे, इंदूरसारख्या शहरात महिन्याला २०००. खेड्यातून शिकून आलेल्या, पहिल्या श्रेणीतल्या मुलींना गाँव की बेटी, महिन्याला ५०० प्रमाणे दहा महिने. शहरातल्या बीपीएल मुलींना तशीच प्रतिभा किरण. आणि या सगळ्याच्या मुळाशी समग्र आयडी, म्हणजे म.प्र. सरकारचा रहिवाशांना दिलेला ओळख क्रमांक. त्यात नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी जुळत नसेल तर पुढचं काही हलत नाही. आय प्रमाणपत्र, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, लोकसेवा केंद्रातून काढा, दलालाला ५०० देऊ नका. २०१० च्या लोकसेवा गॅरंटी कायद्यात ही सेवा ठरल्या मुदतीत द्यावीच लागते.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. पैसे नाहीत म्हणून मुलं कॉलेज सोडतात किंवा बदलतात, तेव्हा मूळ कागदपत्रं अडवून ठेवली जातात. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अधिसूचनेप्रमाणे मूळ मार्कशीट-टीसी ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. कागद पाहायचे आणि लगेच परत द्यायचे, एवढंच.

---

जुना_हिशेबनीस

मन दुखवायचा हेतू नाही, पण मुलांना कष्टाची सवयही लागली पाहिजे. मी स्वतः दुकानात हिशेब लिहून शिकलो. भाऊराव पाटलांनी "कमवा व शिका" शिकवलं, फुकट जेवा नाही शिकवलं. आणि पैसे द्यायचेच असतील तर टिफिनवाल्याला परस्पर द्या. हातात दिले की मोबाइलवर जातात.

---

बीएससी_तिसरं_वर्ष

काका, मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी भंवरकुआँला राहते, गाव बडवानी जिल्ह्यात.

काम करायला आम्ही नाही म्हणत नाही. मी दोन वर्षं सकाळी सहा ते आठ दुसरीतल्या दोन मुलांची शिकवणी घेतली. आठला निघून कॉलेज, दहा ते दोन तास, अडीच ते पाच प्रॅक्टिकल. दुसऱ्या सेमिस्टरला संध्याकाळी एका दुकानात बिलिंगचं काम धरलं, पाच ते दहा. मालक म्हणाले, चारला यावं लागेल. मग प्रॅक्टिकल बुडायला लागली. आमच्या स्कॉलरशिपला नूतनीकरणासाठी ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के गुण लागतात. माझी हजेरी ७१ झाली. दुकानातून मिळाले महिन्याला ४०००, दोन महिन्यांचे ८०००, आणि पुढच्या वर्षाचे १२,००० गेले. हा सौदा मला कुणी आधी समजावून सांगितला असता तर मी दुकान धरलं नसतं.

भाऊरावांच्या योजनेत काम संस्थेच्या आतच असतं ना? तास बुडत नाहीत अशा वेळेचं? आमच्या कॉलेजात ग्रंथालयात दोन तासांचं काम मिळालं असतं तर मी धावत गेले असते. बाहेरचा मालक आमच्या वेळापत्रकाकडे कशाला बघेल?

आणि मोबाइलचं. फॉर्म मोबाइलवर, हॉल तिकीट मोबाइलवर, सरांच्या नोट्स ग्रुपवर. माझ्या आधारला बाबांचा नंबर आहे. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. ते जिनिंगमध्ये शिफ्टला असतात, फोन आत नेऊ देत नाहीत. मी सायबर कॅफेत बसून वाट बघायची, ओटीपीची दहा मिनिटं संपायची, परत पाठवायचा, परत संपायचा. एक फॉर्म भरायला मला तीन दिवस लागले होते. म्हणून पैसे टिफिनवाल्याला परस्पर देऊ नका, मुलीच्या हातात द्या. एखाद्या महिन्यात जेवणापेक्षा बसचं भाडं जास्त गरजेचं असतं. ते आमचं आम्हाला कळतं.

---

जुना_हिशेबनीस

बेटा, हजेरीची अट मला ठाऊक नव्हती. माझ्या वेळी हजेरीवर पैसे तुटत नव्हते. शब्द मागे घेतो. टिफिनवाल्याचंही.

---

महू_छावणी

सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड ठरवून दिले होते, तीन वर्षांसाठी. शंभर वर्षांपूर्वी बडोदा संस्थानाला कळलं होतं की शिकणाऱ्याला पोट महिन्याच्या महिन्याला लागतं. आमच्या महूत बाबासाहेबांचा जन्म झाला म्हणून दर एप्रिलला मोठा सोहळा होतो. त्यातून महिन्याच्या महिन्याला कुणाच्या हातात काही पडावं, असं फार वाटतं.

मी एक घर.

---

पेठेतली_मावशी

पुण्यातून लिहितेय. आमच्याकडे विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. माझा भाचा तिथे राहून शिकला. तिथली कामं मुलं वाटून घेतात, आणि सगळेच करत असल्यामुळे कुणाला कमीपणा वाटत नाही. विद्यापीठातली कमवा व शिका योजनाही तशीच, काम आवारातच, तास सांभाळून. इंदुरात निदान एखाद्या महाविद्यालयापुढे ही मागणी लेखी ठेवा. वरची मुलगी सांगतेय ते अगदी नेमकं आहे.

---

वारकरी_नव्हे_वाराचा

वय ७८. मुलगा टाइप करून देतोय.

मी महेश्वरजवळच्या खेड्यातून १९६३ साली होळकर कॉलेजात आलो. तेव्हा पदवी विक्रम विद्यापीठाची असे, इंदूर विद्यापीठ पुढच्या वर्षी झालं. राहायला नारायणबागेत एका वाड्यात जिन्याखालची जागा. जेवायला वार. सहा वार मिळाले, शनिवार मिळाला नाही. म्हणून शनिवारी मी उपास धरत असे. लोक म्हणायचे, काय मारुतीचा भक्त आहे हा मुलगा. तीन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारच्या घरचं अन्न फार चांगलं असे. साजूक तूप, वरणभात, कधी पुरणही. पण ओसरीवर वेगळं पान मांडत आणि आल्यागेल्याला सांगत, "हा आमचा वाराचा मुलगा." परीक्षेचा निकाल लागला की आधी त्यांच्याकडे जाऊन गुणपत्रिका दाखवायची. एकदा गणितात कमी पडले, तर पुढच्या सोमवारी वाढताना त्या बाई म्हणाल्या, "आमचं अन्न अंगी लागत नाही वाटतं." मी त्या दिवशी भात मागितला नाही.

गुरुवारच्या घरी साधी भाकरी, आमटी, कधी नुसतं पिठलं. त्या बाई विधवा होत्या, शिवण करत. स्वतःच्या दोन मुलांच्या मधे माझं पान. कधी उशीर झाला तर तिघांना एकदम रागावत. निकालाचं त्यांनी कधी विचारलं नाही. मीच सांगितलं तर गूळ हातावर ठेवत.

काकू, तुमचा विचार सोन्यासारखा आहे. एकच विनंती, त्याला वार म्हणू नका. तुम्हा देणाऱ्यांना त्या शब्दात जुनं घर आठवतं. मला अजून ओसरी आठवते. तुमची मुलगी पाचव्या दिवशी का आली नाही, ते मला विचारा.

---

शिप्राकाठ

काका, तुमचं वाचून हिंमत आली.

मला दोन वर्षांपूर्वी एका मंडळाने ५००० दिले. पैसे खरे होते, उपयोगी पडले, त्याबद्दल आभार आहेतच. पण ते सभागृहात मिळाले. माइकवरून माझं नाव पुकारताना "गरीब व होतकरू विद्यार्थिनी" म्हणाले, वडिलांचा धंदाही सांगितला. मला मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरायला लावला, फोटो होईपर्यंत तसाच धरायचा. माझ्या वर्गातल्या दोघी गायनाच्या स्पर्धेसाठी तिथे बसल्या होत्या. पुढचे दोन महिने मी त्यांच्याबरोबर कँटीनला गेले नाही. त्या काही बोलल्या नव्हत्या. मीच गेले नाही.

पुढच्या वर्षी त्याच मंडळाचा फॉर्म आला तेव्हा मी भरला नाही. माझ्या आईला अजून वाटतं की माझा नंबर लागला नाही.

---

नर्मदातीर

शिप्राकाठ, तो फॉर्म भरला नाही तेव्हा ते वर्ष कसं काढलंस?

---

शिप्राकाठ

परीक्षेची फी लेट फीसकट भरली. पुस्तकं घेतलीच नाहीत, ग्रंथालयात बसून उतरवून काढली. निघालं वर्ष.

---

बँकेतली_वहिनी

सरकारी बँकेत बावीस वर्षं झाली. शिक्षणकर्जाबद्दल घरांमध्ये भीती आहे म्हणून लिहिते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी मिळू शकते, तेव्हाही तारण लागत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था नियमात बसत असेल, तर शिकत असतानाचं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र भरतं. कर्जात नुसती फीच नाही, होस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप हेही धरता येतं. लोकांना हे माहीतच नसतं. शाखेत "आमच्याकडे होत नाही" असं सांगितलं तर विद्यालक्ष्मी या शिक्षणकर्जाच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज टाका, म्हणजे लेखी उत्तर मिळतं.

पण खरं सांगते, साध्या बी.एस्सी.-बी.ए.च्या मुलीला मी कर्ज घे म्हणून आग्रह करत नाही. तिला दहा-बारा हजारांची अडचण आहे आणि ती जुलैतली आहे. त्यासाठी बँक नको, शेजार हवा.

---

सुदामानगर_काकू

चार दिवस लिहू शकले नाही. काकांचं लिहिलेलं मी दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा यांच्यासाठी आणि एकदा माझ्या सुनेसाठी. वार हा शब्द गेला. माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर त्या दोन मुलांना कसं वाटलं असेल, हे आता विचारायला कुणी नाही.

मग असं ठरवलंय. सात घरं झाली आहेत: नर्मदातीर, महू_छावणी, जुना_हिशेबनीस, बँकेतली_वहिनी, आमचं, आणि दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवलाय. प्रत्येकाने जूनअखेर एकदाच १७०० द्यायचे. होतात ११,९००. ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या खात्यात, एकरकमी. कोणत्या घराने दिले ते तिला कळणार नाही आणि कोणत्या मुलीला दिले ते घरांना कळणार नाही. मला कळेल, कारण कुणाला तरी कळावं लागतं. फोटो नाही, गुणपत्रिका नाही, कार्यक्रम नाही. मार्चमध्ये स्कॉलरशिप आली आणि तिला वाटलं तर तिने तेवढे परत टाकावेत, म्हणजे पुढच्या जुलैत दुसरीला जातील. नाही वाटलं तर विषय संपला, आम्ही परत काढू.

खिडकी_क्रमांक_तीन यांनी दर शनिवारी संध्याकाळी दोन तास कागदपत्रं बघायला यायचं कबूल केलंय. मला वाटतं पैशांपेक्षा त्याने जास्त मुलींचं भागेल.

---

जुना_हिशेबनीस

हिशेबाची वही मी ठेवतो. नावं नाहीत, फक्त आकडे.

---

वारकरी_नव्हे_वाराचा

आठवं घर घ्याल का? मला शनिवार हवा होता, पण आता वार नाहीत, हे चांगलं झालं. १७०० मुलगा पाठवतोय.

---

बीएससी_तिसरं_वर्ष

काकू, शनिवारी मी पण येईन. ओटीपीचं मला पाठ झालंय. आधार केंद्र गाठून मुलीच्या आधारला मोबाइल नंबर तिचा स्वतःचा करून घ्यायचा, तेच पहिलं.

---

सुदामानगर_काकू

आज २ जुलै. सेंधव्याची एक नवी मुलगी सकाळच्या बसने आली. वडील तिला सोडून दुपारच्याच गाडीने परत गेले, रोज बुडतो म्हणून. बुऱ्हाणपूरची आता दुसऱ्या वर्षाला आहे, तिने या वर्षी दोन्ही वेळचा टिफिन लावलाय. नव्या मुलीची वळकटी अजून जिन्यात तशीच बांधलेली आहे. दोघी आधार आणि पासबुक घेऊन बँकेत गेल्यात, सीडिंग बघायला. परत आल्या की वरण-भात टाकते, आज तिचा टिफिन सुरू झालेला नाही.